मैफिलीचे फोटो असे का दिसतात? अंधूक उजेड, फिल्मचा रोल आणि उरलेला ठेवा



गाण्याचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण घराण्यांपासून सुरुवात करतो. कोण कोणाचा शिष्य, कोणी कोणता राग गाजवला, कोणत्या नाटकातलं पद लोकांच्या तोंडी बसलं. आज आपण त्याच इतिहासात जरा वेगळ्या दारानं शिरणार आहोत. ते दार म्हणजे मैफिलीचा फोटो, आणि तोही फिल्मच्या जमान्यातला.

किराणा घराण्यातली तीन नावं घेऊ. उस्ताद अब्दुल करीम खाँ, १८७२ ते १९३७. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १८८६ ते १९५२. आणि त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी, १९२२ ते २०११. गुरू, शिष्य, प्रशिष्य. आता या तिघांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा. खाँसाहेब आठवतात ते बहुधा बसवून काढलेल्या फोटोतले. नीट पोशाख, स्थिर नजर, ओठ मिटलेले. भीमसेनजी मात्र आठवतात ते गाताना. हात हवेत, मान कललेली, डोळे मिटलेले, तान कुठून तरी खेचून आणावी तसं सगळं शरीर पिळवटलेलं.

असं का व्हावं? खाँसाहेब काही मिटल्या ओठांनी गात नव्हते. फरक गाण्यात नव्हता, फोटो काढण्याच्या साधनांत होता. आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे: मैफिलीचा फोटो तिथं काय घडलं याचा पुरावा असतोच, पण त्याच्या आधी तो तिथं किती उजेड होता याचा पुरावा असतो. जे उजेडात बसलं होतं ते उरलं. जे अंधारात होतं त्यातलं बरंचसं गेलं. आणि हे एकदा ध्यानात आलं, की आपल्या कपाटात पडलेल्या जुन्या निगेटिव्हकडे बघायची आपली नजरच बदलते.

उजेडाचा हिशोब

आधी थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. लक्स हे उजेडाचं माप. एखाद्या साध्या रंगमंचावर, डोक्यावर दोन-चार बल्ब लावलेले असतील, तर गायकाच्या चेहऱ्यावर शंभर लक्सच्या आसपास उजेड पडतो. म्हणजे उन्हाच्या हजारावा भाग. आपल्या डोळ्याला हे जाणवत नाही, कारण तो लगेच जुळवून घेतो. फिल्मला ती सोय नाही. तिला पुरेसा उजेड मिळेपर्यंत शटर उघडं ठेवावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा घ्या. आजच्या मापानं त्यांची संवेदनशीलता पंचवीसच्या आतबाहेर धरू. त्या काळची बरी म्हणावी अशी एफ ४.५ ची लेन्स घेतली, तरी शंभर लक्सच्या उजेडात शटर दोनेक सेकंद उघडं ठेवावं लागेल. दोन सेकंदांत गवई काय काय करतो? एक अख्खी तान घेऊन समेवर येतो. मग चेहऱ्याच्या जागी उरतो धुरकट डाग. म्हणून त्या काळच्या फोटोग्राफरनं एकच व्यवहार्य मार्ग धरला. गवयाला दिवसा स्टुडिओत बोलवायचं, काचेच्या छपराखालच्या मऊ उजेडात बसवायचं, हातात तंबोरा द्यायचा आणि सांगायचं, हलू नका.

रंगभूमीचंही तेच झालं. बालगंधर्वांचे स्त्रीवेशातले जे फोटो आपण पाहिले आहेत, त्यांत भूमिका आहे, वेश आहे, देखणेपण आहे, पण चालू प्रयोगातला क्षण सहसा नाही. किटसनच्या नाहीतर गॅसबत्तीच्या उजेडात रात्रभर चालणारं संगीत नाटक त्या प्लेटांच्या आवाक्यातच नव्हतं.

गंमत बघा. आवाज पकडायची सोय तोवर झालेली होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरला. पुढे खाँसाहेबांच्याही तबकड्या निघाल्या, तीन-तीन मिनिटांच्या. म्हणजे खाँसाहेब गाताना कसे ऐकू येत होते हे आपल्याला थोडंफार माहीत आहे. गाताना ते दिसत कसे होते, हे मात्र ज्यांनी समोर बसून पाहिलं त्यांच्याबरोबर गेलं.

छोटा कॅमेरा आणि जलद फिल्म

हे बदलायला सुरुवात झाली जर्मनीत, १९२० च्या दशकात. १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आला. त्याची लेन्स त्या काळाच्या मानानं फारच उजेड आत घेणारी होती. एरिक सालोमन या फोटोग्राफरनं तो घेऊन न्यायालयं, परिषदा, मेजवान्या अशा ठिकाणी फ्लॅशशिवाय फोटो काढले. पुढच्याच वर्षी लायका आला. त्यात सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म चालायची आणि एका रोलवर ३६ फोटो निघायचे. १९२९ साली फेलिक्स मान यानं संगीतकार स्ट्राविन्स्कीचे तालमीतले फोटो काढले. हातवारे, घाम, वैताग, सगळं त्यात आलं. संगीतकार काम करताना कसा दिसतो हे लोकांना छापील पानावर पाहता येऊ लागलं.

मग फ्लॅश का नाही वापरायचा, असं तुम्ही विचाराल. वापरत होतेच की! आधी मॅग्नेशियमची भुकटी पेटवायचे. तिचा भडका उडायचा आणि मागे धूर राहायचा. १९३० च्या सुमाराला काचेचे फ्लॅशबल्ब आले, पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला. आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी मोठा कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन दिल्लीतले किती तरी ऐतिहासिक प्रसंग टिपले. सभा, समारंभ, भेटीगाठी यांना फ्लॅश चालतो. पण गवई डोळे मिटून मंद्र षड्ज लावतोय आणि समोरून लख्खकन उजेड पडला, तर बैठक मोडते. किशोरी आमोणकरांचा मैफिलीतल्या शांततेबद्दलचा आग्रह तर सर्वांना ठाऊकच आहे. शिवाय फ्लॅशचा फोटो दिसतोही सपाट. चेहरा पांढराफटक आणि मागे भिंतीवर काळी सावली. मैफिलीची रात्र त्यात उरत नाही.

म्हणजे आहे त्याच उजेडात काम भागवायला हवं. त्यासाठी फिल्म जलद हवी. कोडॅकनं ट्राय-एक्स ही फिल्म १९५४ साली ३५ मिलिमीटरमध्ये आणली. सुरुवातीला ती २०० ची म्हणून मोजली जाई. १९६० साली मोजायची पद्धत बदलली आणि तीच ४०० ची म्हणून ओळखली जाऊ लागली. इल्फर्डच्या एचपी मालिकेतल्या फिल्मही याच जातीच्या.

आता तेच गणित पुन्हा करू. शंभर लक्स उजेड, चारशेची फिल्म, एफ २ ची लेन्स. शटर लागेल साधारण एक-तीसांश सेकंद. दोन सेकंदांवरून एक-तीसांशवर! गवई थबकला, श्वास घ्यायला थांबला, समेवर मान हलवून क्षणभर स्थिरावला, की तो फोटोत येणार.

आपल्याकडचा योगायोग असा, की सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ पासून पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. म्हणजे हा महोत्सव आणि ही जलद फिल्म एकाच वेळी वयात आली. एकामुळे दुसरं झालं असं आमचं म्हणणं नाही. पण दरवर्षी तेच शहर, तीच थंडी, मोठमोठे कलाकार एकाच मंचावर, रात्रभर गाणं, आणि हातात अंधारात चालणारी फिल्म. फोटोग्राफरला शिकायला आणि चुकायला इतकी हक्काची जागा दुसरी कुठली मिळणार?

छत्तीस फोटो आणि परदेशी माल

पण परदेशातली गोष्ट आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाही. तिकडे न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबातला फोटोग्राफर एका रात्रीत रोलमागून रोल संपवू शकत होता. आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर बंधनं आली आणि फिल्म ही जपून वापरायची वस्तू झाली.

सरकारनं १९६० साली ऊटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केला. १९६७ पासून तिथं उत्पादन सुरू झालं. त्यांचं ब्रँडनाव ‘इंदू’. पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यापार होत असे, त्यामुळे तिकडची ‘ऑर्वो’ फिल्म इथं मिळायची. बरेच जण शंभर फुटांचा गुंडाळा आणून, अंधाऱ्या खोलीत हातानं मोजून, जुन्या डब्यांत भरून घ्यायचे. शंभर फुटांत ३६ फोटोंचे साधारण अठरा रोल होतात. डेव्हलपरही घरी बनवता यायचा. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट, बोरॅक्स. तराजूवर तोलायचं, कोमट पाण्यात ठरलेल्या क्रमानं विरघळवायचं.

आता कल्पना करा, रात्रभराची मैफल आहे आणि खिशात दोन रोल. बहात्तर फोटो. चार कलाकार गाणार-वाजवणार. म्हणजे एकेकाच्या वाट्याला अठरा. त्यातले निम्मे हलणार, काहींत माइक तोंडावर येणार, काहींत डोळे अर्धवट मिटलेले. हातात येणार चार-पाच. म्हणून हा फोटोग्राफर बंदुकीसारखं कॅमेऱ्याचं बटण दाबत बसत नसे. तो ऐकत बसे.

ही ऐकण्याची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. एक-तीसांश सेकंदात द्रुत तान पकडता येत नाही, पण विलंबितातला ठहराव पकडता येतो. तबलजीची बोटं त्या वेगात धूसरच येणार, पण तिहाई संपून सम आली, की हात क्षणभर वर थांबतो. तो क्षण येणार आहे हे डोळ्यानं कळत नाही, कानानं कळतं. ज्याला ताल मोजता येतो त्याचं बोट समेच्या किंचित आधी दबतं. ज्याला येत नाही तो सम झाल्यावर दाबतो, आणि त्याच्या फोटोत येते ती समेनंतरची हालचाल. एकाच रात्री, एकाच जागेवरून, एकाच रोलवर काढलेल्या दोघांच्या फोटोंत फरक पडतो तो इथं.

आपली बैठकीची पद्धतही कामाला आली. खुर्च्या नाहीत, सतरंजीवर पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचं, कोपर गुडघ्यावर टेकवायचं, श्वास रोखायचा. तिवईची गरज नाही. पण त्यामुळे एक झालं. कॅमेरा खाली आणि कलाकार मंचावर वर. आपल्या कितीतरी मैफिलींच्या फोटोंत कलाकार थोडा खालून पाहिलेला, म्हणून थोडा मोठा, भव्य दिसतो. ते आदरापोटी होतंच, पण बसायच्या जागेमुळेही होतं.

कलाकार आणि कॅमेरा

कॅमेरा हातात असला म्हणून मैफिलीत जागा मिळतेच असं नाही. दयानिता सिंग यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विद्यार्थिनी असताना त्या उस्ताद झाकीर हुसेन यांच्या कार्यक्रमात फोटो काढायला गेल्या. तिथं त्यांना अडवलं गेलं, ढकलाढकलीत त्या पडल्या. कार्यक्रमानंतर त्यांनी थेट झाकीरभाईंनाच गाठून आपलं म्हणणं ऐकवलं. त्यातून ओळख झाली. पुढे अनेक हिवाळे त्या झाकीर हुसेन आणि इतर कलाकारांबरोबर गावोगाव फिरल्या. १९८६ साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं, त्याचं नावच ‘झाकीर हुसेन’. माहीमला जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या या कलाकाराचं मंचावरचं, प्रवासातलं आणि घरातलं रूप त्यात आहे. २०२४ च्या डिसेंबरात झाकीरभाई गेले, तेव्हा त्या फोटोंचं मोल आणखी कळलं.

महाराष्ट्रात मोहन वाघ यांनी मराठी रंगभूमीचे फोटो काढले आणि पुढे ‘चंद्रलेखा’ ही नाट्यसंस्था उभी केली. पुण्यात सतीश पाकणीकर यांनी भीमसेनजींचे आणि इतर अनेक गायक-वादकांचे मैफिलीतले फोटो वर्षानुवर्षं काढले. दिल्लीत अविनाश पसरिचांनी संगीत आणि नृत्याचा असाच मोठा ठेवा जमवला. रघू राय यांनी तर शास्त्रीय संगीतातल्या थोर कलाकारांवर स्वतंत्र पुस्तक केलं. या सगळ्यांत समान काय? एका कार्यक्रमापुरतं येऊन गेलेलं हे काम नाही. वर्षानुवर्षं बसल्यामुळे कलाकाराला कॅमेऱ्याची सवय झाली, आणि फोटोग्राफरला त्या कलाकाराच्या गाण्याची.

अंधारात काय राहिलं

आता या गोष्टीची दुसरी बाजू. चारशेची फिल्म पुरली नाही तर काय करायचे? रोल ‘पुश’ करायचे. म्हणजे फिल्म चारशेचीच, पण ती सोळाशेची आहे असं धरून फोटो काढायचे आणि मग डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. शटरचा वेग चौपट मिळतो. एफ २.८ च्या लेन्सवरही मग एक-साठांश सेकंद परवडतो.

पण हे फुकट मिळत नाही. जास्त डेव्हलप केल्यानं जिथं उजेड पडला होता तो भाग आणखी उजळतो. जिथं उजेड पोचलाच नव्हता तिथं डेव्हलपर काही निर्माण करू शकत नाही. म्हणून या फोटोंत पांढरा कुडता झगझगीत दिसतो, दाणा वाळूसारखा जाड दिसतो, आणि मागचा भाग काळा ठिक्कर. आपण म्हणतो, वा, काय नाट्यमय फोटो आहे! पण त्या काळोखात कोणी तरी बसलेलं होतं. तंबोऱ्यावरची शिष्या होती. पेटीवाल्याचा अर्धा चेहरा होता. पहिल्या रांगेमागचे हजारो श्रोते होते. बारा-पंधरा वर्षं गुरूमागे बसून तंबोरा छेडणाऱ्या कितीतरी जणी आणि जण फोटोत आहेत ते फक्त एका हाताच्या रूपानं. इतिहासात ‘साथसंगत’ म्हणून एक ओळ, आणि फोटोत एक हात.

रंगीत फिल्मचं आणखी निराळं. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म बल्बच्या उजेडात नारिंगी रंग देते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात हिरवट. १९८० च्या दशकातले अल्बम काढून बघा. उत्सवाचे, मेळाव्याचे, भजनाचे फोटो असे पिवळट-नारिंगी दिसतात ते सगळेच काही जुनेपणानं नाही. ते पहिल्या दिवसापासून तसेच होते.

आणि आता आपल्या पनवेलकडे येऊ. शेजारच्या खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. वीज इथल्या घाटात तयार व्हायची आणि मुंबईच्या गिरण्यांना जायची. आसपासच्या गावांत उत्सव, भजनं, नाटकं त्यानंतरही कितीतरी वर्षं गॅसबत्तीवरच चालली. पुण्या-मुंबईत कलाकारांमागे वर्षानुवर्षं फिरणारे फोटोग्राफर होते. लहान गावात होता तो स्टुडिओवाला, आणि त्याला बोलावलं जायचं ते सत्काराच्या वेळेला. म्हणून आपल्या भागातले संगीताचे जुने फोटो बघितले तर शाल दिसते, श्रीफळ दिसतं, हार दिसतो. गाणं सहसा दिसत नाही. सत्काराला फ्लॅश चालायचा, गाण्याला चालायचा नाही. आणि एक रोल महिनाभर पुरवायचा, तर तो कोणावर खर्चायचा हे ठरलेलंच असे.

आणखी एक उदाहरण देतो आम्ही, ते इथल्या मातीतलं आहे. आगरी समाजातल्या लग्नात धवला म्हणणारी धवलारीण असते. विधीमागून विधी तिच्या गाण्यावर चालतात, तिला ते सारं तोंडपाठ असतं. लग्नाचा जुना अल्बम घ्या आणि त्यात ती शोधा. नवरा-नवरी सापडतील, मामा सापडतील, आहेर देणारे पाहुणे ओळीनं सापडतील. धवलारीण बहुतेक वेळा नवरीच्या खांद्यामागे, फ्लॅशच्या उजेडाच्या कडेला, अर्धी दिसते. ते गाणं ही सगळ्या लग्नाची वीण होती, पण रोल तिच्यासाठी आणलेला नव्हता.

मग आम्ही कोणाला दोष देतोय का? नाही. त्या स्टुडिओवाल्यानं त्याच्या पैशात आणि त्याच्या उजेडात जे जमलं ते केलं. पण आज इतिहास लिहिताना, फोटो नाही म्हणजे माणूस नव्हता, असं धरून चालणं ही आपली चूक ठरेल.

उजेड बदलला, वेळही बदलली

पुढचा काळ आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. कोडॅकनं १९८८ साली टी-मॅक्स ३२०० आणि इल्फर्डनं १९९८ साली डेल्टा ३२०० या आणखी जलद फिल्म आणल्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आलं, सवलत मिळाली तरी ती वर्षातले मोजके दिवस आणि मध्यरात्रीपर्यंतच. त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या उघड्यावरच्या मैफिली संपल्या आणि कार्यक्रम दुपारपासून सुरू होऊ लागले. याचा परिणाम रागांच्या वेळांवर झाला, त्याची चर्चा झाली. फोटोंवरही झाला, त्याची फारशी झाली नाही. कापडी मांडवातून गाळून आलेला दुपारचा मऊ उजेड मैफिलीच्या फोटोंत दिसू लागला.

मग २००७ साली निकॉनचा डी-३ कॅमेरा आला. त्यात संवेदनशीलता सरळ ६४०० ठेवता येई, आणि ताणून २५,६०० पर्यंत नेता येई. चारशेच्या फिल्मचं सगळं गणित तिथं संपलं. २०१२ साली कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आज आपल्या फडके नाट्यगृहात गाणं चालू असतं तेव्हा मागच्या रांगेतला मुलगा खिशातल्या मोबाइलवर जो फोटो काढतो, तो काढायला एके काळी वीस वर्षांची साधना लागायची.

आता काय करायचं

राहिला तो फिल्मच्या काळातला ठेवा. तो कुठे आहे? मोठ्या फोटोग्राफरांकडे आहे तसा बंद पडलेल्या स्टुडिओंच्या पोटमाळ्यांवर आहे, उत्सव मंडळांच्या ट्रंकांत आहे आणि आपल्या घरांत आहे. आणि पनवेलचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. चार महिने हवा इतकी दमट, की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. निगेटिव्हवर जिलेटिनचा थर असतो, ते बुरशीचं आवडतं खाणं. शिवाय अ‍ॅसिटेटची फिल्म दमट उष्ण हवेत कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ती आकसते, तिला सुरकुत्या पडतात. हे एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं.

म्हणून काही साध्या गोष्टी. आंबूस वास येणाऱ्या निगेटिव्ह लगेच बाकीच्यांपासून वेगळ्या करा, कारण तो वाफारा चांगल्यांनाही लागतो. त्यांची स्कॅनिंग आधी करा. जुन्या चिकट प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढून निगेटिव्ह आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवा. पोटमाळा नको, ओली भिंत नको. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्यात बदला. बुरशी दिसली तरी ओल्या फडक्यानं पुसू नका, चित्रासकट निघून येईल.

स्कॅन करताना फिल्मची कड कापू नका. त्या कडेवर फिल्मचं नाव छापलेलं असतं आणि तेच तारखेचा धागा देतं. ‘ऑर्वो’ दिसलं तर फोटो १९६४ च्या आधीचा नाही, कारण ते नावच तेव्हा आलं. ‘इंदू’ दिसलं तर १९६७ च्या आधीचा नाही. टी-मॅक्स ३२०० असेल तर १९८८ च्या आधीचा नाही. पट्ट्यांचा क्रम मोडू नका. एका रोलवरचा क्रम म्हणजे त्या रात्री कोण आधी बसलं आणि कोण नंतर, याची नोंद असते. आणि हललेले, काळपट आलेले फोटो फेकू नका. छापताना काळा राहिलेला कोपरा स्कॅन करून उजळला तर कधी कधी त्यात चेहरा सापडतो. पुश केलेल्या फिल्मवर फार मिळत नाही, पण काही वेळा तंबोऱ्यामागची व्यक्ती ओळखू येण्याइतकी मिळते.

यातलं सगळ्यांत तातडीचं काम मात्र यंत्राचं नाही, नावांचं आहे. मधे बसलेल्या कलाकाराचं नाव शंभर वर्षांनीही कोणी सांगेल. पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण, मागे उभी धवलारीण कोण, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यासमोर अल्बम ठेवा, शेजारी वही ठेवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेननं नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. ज्यांच्यावर उजेड पडला नाही त्यांचे चेहरे आपल्याला परत आणता येणार नाहीत. पण ती कोण होती हे लिहून ठेवणं अजून आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी येत्या पावसाळ्याच्या आधीचे हे काही आठवडे पुरेसे आहेत.

कोणाकडे अशा निगेटिव्ह किंवा अल्बम असतील, तर प्रश्नोत्तरांत त्यांच्यापासूनच सुरुवात करू.